अकरावा नंबर आणि हीटपंपासमोरची खुर्ची

अल्बनीला माझ्या मुलीच्या घरात बसायला जागा पुष्कळ आहे. सोफा आहे, जेवणाच्या टेबलाभोवती खुर्च्या आहेत, मागे डेकवर लाकडी बाक आहे. पण खोली तापवणाऱ्या हीटपंपाच्या उबेत आणि टीव्हीच्या बरोबर समोर अशी खुर्ची एकच. बाजूचा दांडा ओढला की पाठ मागे जाते, पाय वर येतात आणि माणूस दाढी करून घ्यायला बसल्यासारखा दिसतो. रिक्लायनर म्हणतात तिला. त्या खुर्चीवर माझे व्याही बसायचे.

त्यांनीच का बसायचं, असं घरात कोणी विचारत नव्हतं. ते मुलाकडचे, मी मुलीकडचा. लग्नात मी त्यांना शाल दिली, फेटा बांधला, पंक्तीत त्यांचं पान पहिलं मांडलं. ते सगळं हौसेने केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण नात शाळेत जायला लागली तरी लग्न संपलेलं नाही आणि मानपान समुद्र ओलांडून अल्बनीपर्यंत येतो, हे मला विमानात बसताना कोणी सांगितलं नव्हतं.

व्याही पुण्याचे, रिटायर्ड हेडमास्तर. मी कराडकडचा. शिक्षण चौथी, तेही चौथीचे मास्तर आमचे लांबचे नातेवाईक होते म्हणून. पुढचं सगळं आयुष्य बसच्या डेपोत हेल्पर म्हणून गेलं. दोघांच्याही बायका आता नाहीत, म्हणून पोरांनी दोघांनाही इकडे बोलावून घेतलं. मी दोन हजार तेरा साली आलो. व्याही माझ्या आधी एक हिवाळा आले होते, आणि तेवढ्यात त्यांनी खुर्ची धरली होती.

आता मुलीच्या घरी बापाने फुकट बसून खाणं मला पटत नाही. आमच्याकडे जुनी माणसं मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. मी तेवढा कडक नाही, मी मुलीकडे दोन वेळा पोटभर जेवतो. पण जेवणाची भरपाई म्हणून काम करतो. पहिल्याच आठवड्यात मी जावईबापूंना हार्डवेअरच्या दुकानात नेलं आणि ग्रीसचा डबा घेतला. मग फाटकाच्या बिजागऱ्या केल्या, गॅरेजचा दरवाजा केला, कचऱ्याच्या डब्याची चाकं केली, नातीची सायकल केली. नात म्हणाली, "अप्पा, इट्स टू फास्ट नाऊ!" म्हणजे काम चांगलं झालं होतं. घरात करकरणारी एकच वस्तू मी सोडली. ती खुर्ची. व्याही मागे रेलले की ती रोज कण्हायची आणि मी रोज टेबलाशी बसून ऐकायचो.

"अप्पा, तेवढं बघता का हो?" मुलगी म्हणायची.

"मानाची वस्तू आहे," मी म्हणायचो. "मुलीकडच्याने हात लावू नये."

शेजारच्या घरात एक आडदांड गृहस्थ राहतो. वेल्डर होता, आता रिटायर आहे, आणि तरुणपणी आमच्या रस्त्यामागच्या मैदानावरच्या क्लबात रग्बी खेळलेला. शनिवारी त्याच्या गॅरेजचा दरवाजा वर जातो, आत जुना फ्रिज, घडीच्या खुर्च्या, आणि रग्बीची बडबड. त्याचा दरवाजा वर जाताना किंचाळायचा. मी एक दिवस न विचारता डबा घेऊन गेलो आणि तो गप्प केला. शेजारी "किया ओरा" म्हणाला, तो इथला नमस्कार, मी "राम राम" म्हटलं, आणि त्याने मला एक घडीची खुर्ची उघडून दिली. इथे आल्यापासून मला मानाने मिळालेली ती पहिली खुर्ची.

तिथे कोपऱ्यावरचा डेअरीवालाही यायचा. डेअरी म्हणजे दुधाचं नव्हे, इथे किराणा-चॉकलेटच्या छोट्या दुकानाला डेअरी म्हणतात. हा मूळचा सुरतेचा, दुकान बायकोवर सोपवून यायचा. शेजारी जे बोले ते तो मला हिंदीत सांगे, आणि मी जे हिंदीत बोले ते तो त्याला इंग्रजीत सांगे. इथे मी सगळं मराठीतच लिहितो. काही दिवसांनी व्याहीही यायला लागले. दुभाष्या म्हणून येतो म्हणाले. खरं म्हणजे घरात एकटे कंटाळायचे.

रग्बीतलं मला एकच कळलं, पण ते पक्कं कळलं. त्यात स्क्रम म्हणून एक प्रकार असतो. आपले आठ दांडगे तीन रांगांत वाकून एकमेकांना धरतात, समोरचे आठ तसेच, आणि मग डोक्यांत डोकी घालून दोन्ही गट एकमेकांना ढकलतात. चेंडू मध्ये टाकतात, पण तो मला अडचणच वाटायचा. ढकलणं मला समजत होतं. डेपोत माझा निम्मा जन्म त्यातच गेला. गाडी सुरू झाली नाही की ड्रायव्हर खिडकीतून ओरडायचा, "धक्का!" मग प्रवासी उतरवायचे, कोण कुठे लागेल ते ठरवायचं, आणि सगळ्यांनी एकदम जोर लावायचा. नुसतं बघून मी सांगायचो, हा ढकलणारा आहे आणि हा नुसता हात टेकवणारा.

तर मार्च महिना होता. इथे पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात ऋतू उलटे, मार्चमध्ये उन्हाळा संपतो आणि रग्बीची तयारी सुरू होते. घरोघर फुकट टाकतात त्या पेपरात एका बातमीदाराने सीझनच्या आधीच सगळ्या बारा क्लबांच्या पुढच्या आठांचे नंबर लावले होते. कोणाचे आठ सगळ्यांत भारी, कोणाचे सगळ्यांत हलके. आमच्या क्लबाचा नंबर अकरावा.

"अकरावा!" शेजाऱ्याने पेपर फ्रिजवर आपटला. "या माणसाने आपली पोरं बघितली कुठून? विमानातून?"

"त्याचं चुकलं काय?" डेअरीवाला म्हणाला. "उजवीकडचा आपला जाड्या टौरंगाला गेला. बंदरात नोकरी लागली त्याला. त्याच्या जागी आणलाय कोण? दातांचा डॉक्टर!"

"डॉक्टर असला म्हणून काय झालं? मान बघ त्याची."

"मान आहे. मानेखाली काय आहे?"

"बरं, आणि डावीकडचा?"

"डावीकडचा गेल्या वर्षी चांगला होता. पण गेल्या वर्षी तो गेल्या वर्षीचा होता. आता दम लागतो त्याला. माझ्या दुकानात पाय खरडत येतो."

"तुझ्या दुकानात सगळेच पाय खरडत येतात, तुझे भाव बघून," शेजारी म्हणाला. "आणि मधला? चेंडू मागे ओढणारा? त्याच्यासारखा कोणाकडे आहे?"

"त्याचं नवं लग्न झालंय. बायको गुरुवारी प्रॅक्टिसला सोडत नाही."

"बायको सोडत नाही म्हणून अकरावा नंबर?"

"पहिल्या नंबरवाल्यांच्या बायका सोडतात."

असं अर्धा तास चाललं. डेअरीवाला बाराव्या नंबरापर्यंत खाली उतरला, शेजारी तिसऱ्यापर्यंत वर चढला. मग मी बोललो.

"माना आणि वजनं काय बघता? पाय बघा," मी म्हटलं. "धक्का खांद्यातून येत नाही, टाचेतून येतो. मी तुमची पोरं मैदानावर बघितली आहेत. त्या दातांच्या डॉक्टरची टाच जमिनीला चिकटून असते. आमच्या डेपोत असता तर त्याला मी मागच्या बंपरच्या मधोमध लावला असता. अकरावा नाही, हे आठ चौथ्या नंबराच्या खाली नाहीत."

डेअरीवाल्याने ते इंग्रजीत सांगितलं. शेजारी विचारात पडला. मग म्हणाला, "पण बस उलटी ढकलत नाही."

"घाटात ढकलते," मी म्हटलं.

शेजारी मान डोलवायला लागला. पण व्याह्यांना ते सहन झालं नाही. त्यांनी चष्मा लावला, पेपर हातात घेतला आणि वर्गात उभं राहावं तसे उभे राहिले.

"हे छापून आलेलं आहे. या माणसाने काही निकष लावले असतील. वय, वजन, गेल्या वर्षीचे सामने. आपण आपलं गॅरेजमध्ये बसून टाचेबिचेचं बोलतो, त्याला आधार काय?"

"छापणाऱ्याने कधी ढकललंय का?" मी विचारलं.

"मी जन्मभर मुलांचे निबंध तपासले, व्याही. मी स्वतः निबंध लिहीत नव्हतो."

"म्हणूनच ती मुलं नापास व्हायची."

डेअरीवाला हे इंग्रजीत सांगायला लागला तेव्हा व्याह्यांनी हाताने त्याला थांबवलं. त्यांचे कान लाल झाले होते. "असं असेल तर पैज लावा," ते म्हणाले. "पहिलाच सामना पहिल्या नंबरवाल्यांशी आहे. होऊ द्या सोक्षमोक्ष."

मी वाटच बघत होतो. "लावली. खुर्ची."

"कुठली खुर्ची?"

"एकच आहे."

व्याही खाली बसले. मग हळूहळू अटी ठरल्या, आणि पंच म्हणून शेजाऱ्याला नेमलं. पहिल्या सामन्यात आपले आठ स्क्रममध्ये टिकले, तर हिवाळाभर हीटपंपासमोरची खुर्ची माझी. मागे रेटले गेले, तर मी सगळ्यांसमोर म्हणायचं की छापलेलं खरं असतं, आणि पुन्हा त्या खुर्चीकडे बघायचंसुद्धा नाही.

"बघायचंसुद्धा नाही?" मी विचारलं.

"बघायचंसुद्धा नाही. तुम्ही टेबलाशी बसून कसे बघता ते मला पाठीला जाणवतं."

शब्द दिला. शेजाऱ्याने दोघांचे हात आपल्या एका पंजात धरून हलवले.

घरी मुलीने डोक्याला हात लावला. "अप्पा, लोक काय म्हणतील? सासऱ्यांना खुर्चीवरून उठवणार?"

"मी कुठे उठवतोय? आठ जण उठवतील."

जावईबापू बिचारे मध्ये अडकले. त्यांना दोन्ही बाजूंनी बोलता येत नव्हतं. बसचं कार्ड शोधण्याच्या निमित्ताने ते आत गेले ते जेवायलाच बाहेर आले.

आता ज्या खुर्चीसाठी मी शब्द दिला ती आठ अनोळखी पोरांच्या टाचांवर होती. मला चैन पडेना. त्या गुरुवारी संध्याकाळी मी प्रॅक्टिस बघायला गेलो. क्लबाकडे ढकलण्याच्या सरावाचं एक यंत्र आहे. लोखंडी सांगाडा, पुढे खांदे लावायला उशा, खाली दोन लोखंडी रोलर, आणि सांगाड्यावर एक फळी. फळीवर क्लबाचा कोच उभा राहतो आणि आठ जण खांदे लावून ते सगळं ढकलतात. यंत्र आमच्या शेजाऱ्यानेच तरुणपणी वेल्डिंग करून बनवलेलं.

आठांनी जोर लावला. यंत्राने असा आवाज काढला की मैदानावरचे पक्षी उडाले. पोरं घामाने निथळली आणि यंत्र हातभर सरकलं. पुन्हा जोर, पुन्हा किंकाळी, पुन्हा हातभर. मला तो आवाज ऐकवेना. बेअरिंग कोरडं ठणठणीत! डेपोत असं बेअरिंग ठेवलं असतं तर फोरमनने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आणि हे लोक पोरांचे नंबर लावतात! पोरांचा काय दोष? निम्मा जोर गंजातच जातोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैदान रिकामं असताना मी डबा, चिंधी आणि तारेचा ब्रश घेऊन गेलो. आधी गंज खरवडला. मग रोलरच्या दोन्ही बाजूंना ग्रीस भरलं, थोडं फिरवलं, पुन्हा भरलं. दुपार गेली त्यात. शेवटी एका हाताने लोटलं तर यंत्र आपलं आपण चाललं. मी दोन पावलं मागे होऊन बघितलं. फार दिवसांनी असं वाटलं की आज जेवण हक्काचं आहे.

पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम व्याह्यांना घेऊन गेलो. शेजारी आणि डेअरीवालाही होते. आठ जणांनी खांदे लावले, कोच फळीवर चढला, आणि पोरांनी जोर लावला. यंत्र निघालं. म्हणजे निघालंच! कोच हात पसरून फळीवर नाचायला लागला, पोरं मागे पळायला लागली, आणि सगळी वरात पार गोलपोस्टच्या पलीकडे जाऊन कुंपणाला टेकली.

शेजाऱ्याच्या तोंडाचा आ मिटेना. "बघितलं? बघितलं का? अकरावा म्हणे!"

"आता पाचवा तरी म्हणावंच लागेल," डेअरीवाला म्हणाला. "डॉक्टरने काय पाय लावला!"

"टाच," मी म्हटलं.

व्याही घरी आले आणि थेट खुर्चीत बसले. त्या दिवसापासून त्यांनी ती सोडली नाही. चहा खुर्चीवर, जप खुर्चीवर, मटार सोलायलासुद्धा खुर्चीवर. आधी त्यांनी घरात कधी मटार सोलले नव्हते. नात शेजारून गेली की म्हणत, "बाळा, ये, आजोबांच्या खुर्चीवर बस जरा," म्हणजे ताब्यात आणखी एक माणूस.

मीही गप्प बसलो नाही. मुलगी किराणा आणायला सँडरिंगहॅमला, आपल्या लोकांची दुकानं आहेत तिकडे, निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर गेलो आणि मिठाईच्या दुकानातून पेढे घेतले.

"अप्पा, सामना व्हायचाय अजून."

"माझ्या लेखी झालाय."

सामन्याच्या दिवशी हवा चांगलीच गार होती. व्याह्यांनी माकडटोपी घातली होती. पेढ्यांचा बॉक्स माझ्या काखेत. आम्ही चौघे मैदानाच्या कडेला उभे राहिलो. पहिल्या नंबरवाले आठ मैदानात आले तेव्हा मी जरा घाबरलो, खरं सांगतो. एकेकाची पाठ म्हणजे डेपोचं फाटक. पण मला बेअरिंगवर भरवसा होता.

पहिला स्क्रम लागला. आमच्या आठांनी खांदे लावले, आणि पुढे जायला म्हणून पाय उचलले. तिथेच घात झाला. समोरून कोणी हललं नाही. आमची पोरं जराशी थांबली, काहीतरी बिघडलंय असं त्यांना वाटलं असावं. आणि मग समोरच्यांनी ढकललं. ब्रेक निकामी झालेली गाडी उतारावर मागे यावी तसे आमचे आठ आले. दुसऱ्या स्क्रमला तसंच. तिसऱ्याला दातांच्या डॉक्टरच्या दोन्ही टाचा आकाशात दिसल्या.

"टाच," व्याही माकडटोपीतून म्हणाले.

मध्यांतराला शेजारी डोकं धरून उभा होता. "मला कळत नाही," तो म्हणाला. "गुरुवारी यंत्र बाबागाडीसारखं ढकलत होते. त्या यंत्राचा दगड होता दगड! माझ्या वेळेपासून कोणाला ते असं पळवता आलं नाही."

आता इथे दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. पण केलेलं काम लपवायची मला सवय नाही.

"पळणार नाही तर काय?" मी म्हटलं. "ग्रीस भरलंय मी त्याच्यात. दोन्ही बाजूंनी."

डेअरीवाल्याने माझ्याकडे बघितलं. मग शेजाऱ्याकडे बघितलं. "सांगू का नको?" त्याने मला विचारलं.

"सांग की. चोरी केली आहे का?"

त्याने सांगितलं. शेजाऱ्याने डोक्यावरचे हात खाली घेतले. मग एकेक शब्द सुटा करून बोलायला लागला, आणि डेअरीवाला तसाच सुटा सुटा करून सांगत गेला. ते यंत्र बनवलं तेव्हापासून त्यात तेलाचा थेंब घातलेला नाही. मुद्दाम घातलेला नाही. तो गंज म्हणजेच समोरची टीम. तो गंज जमायला इतकी वर्षं लागली. तो क्लबाचा सगळ्यांत जुना खेळाडू होता.

"मग पाटी लावायची," मी म्हटलं. मी आजही तेच म्हणतो. लोखंडाला ग्रीस लावायचं नाही असा नियम जगात कुठे असेल तर त्याची पाटी पाहिजे.

शेजाऱ्याचं तोंड लाल झालं, खांदे हलायला लागले. मला वाटलं आता हा मला उचलून फेकतो. पण तो हसत होता. कुंपणाला धरून, डोळे पुसत हसत होता. मग सामना संपला, आमचा निकाल सांगायलाच नको, आणि त्याने पंच म्हणून पैजेचा निकाल दिला. खुर्ची व्याह्यांची.

"यंत्रात दोष होता," मी म्हटलं. "निकाल धरता येत नाही."

"निकाल तो निकाल," व्याही म्हणाले. "परीक्षेत पेन चाललं नाही म्हणून कोणी मार्क वाढवून देत नाही. म्हणा."

"छापलेलं," मी म्हटलं, "या वेळेला खरं निघालं."

"'या वेळेला' नको."

"छापलेलं खरं असतं." मी बोललो ते मराठीत बोललो, म्हणजे मैदानावर ते दोघांनाच कळलं. तेवढी तरी लाज राहिली. मग व्याह्यांनी माझ्या काखेतला बॉक्स काढून घेतला आणि माझेच पेढे आपल्या विजयाचे म्हणून सगळ्यांना वाटले. मलाही एक दिला. मी खाल्ला. पेढा चांगला होता.

पण शेजाऱ्याचं काम संपलं नव्हतं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, तू यंत्र हलकं केलंस, तूच ते जड करायचं. म्हणजे पुन्हा गंज चढेपर्यंत दर गुरुवारी कोचच्या शेजारी फळीवर उभं राहायचं, वजन म्हणून.

गुरुवारी मी उभा राहिलो. पण माझं वजन ते किती! आठांनी ढकललं तर यंत्र तरीही पळालं. शेजाऱ्याने इकडे तिकडे बघितलं. कडेला माकडटोपी घालून व्याही माझी फजिती बघायला आले होते. त्यांची तब्येत भरलेली. शेजाऱ्याने त्यांना बोटाने बोलावलं.

"मी? मी तर जिंकलोय!" व्याही म्हणाले.

"क्लबासाठी," डेअरीवाल्याने भाषांतर केलं.

व्याही चढले. आणि चढल्या चढल्या म्हणाले, "मी उजवीकडे उभा राहतो."

"का? उजवीकडे मुलाकडचे का?"

"तसं समजा."

उजवी बाजू त्यांना दिली. मग पाऊस भुरभुरायला लागला, खाली आठ जण घुमायला लागले, आणि आम्ही दोघे व्याही एकमेकांच्या दंडाला धरून मैदानभर पुढे पुढे जात राहिलो. पोरांच्या लग्नात वरात निघाली होती तेव्हासुद्धा आम्ही इतके जवळ उभे नव्हतो. यंत्र मात्र जड झालं. पोरांच्या टाचा मातीत रुतायला लागल्या.

घरी आलो तेव्हा व्याह्यांचे गुडघे आखडले होते. घरात कोणी नव्हतं. मुलगी ड्युटीवर, जावईबापूंची बस यायची होती, नात पोहायच्या क्लासला. व्याह्यांनी ओली टोपी काढली, हीटपंप लावला, आणि जिंकलेल्या माणसाने बसावं तसे धपकन खुर्चीत बसले. दांडा जोरात ओढला. खुर्ची मोठ्याने कण्हली, पाठ पार मागे गेली, पाय पार वर आले, आणि आत काहीतरी खट झालं.

मी टेबलाशी चहा पीत होतो. भिंतीकडे तोंड करून.

मागून दांड्याची खटखट आली. मग धापा. मग पुन्हा खटखट. मग, "अहो व्याही."

"बोला."

"हिचं काहीतरी अडकलंय. मला उठता येत नाही."

"अरेरे."

"जरा बघता का?"

"बघता येत नाही," मी भिंतीला म्हटलं. "शब्द दिलाय. बघायचंसुद्धा नाही."

"मी परवानगी देतो."

"शब्द गॅरेजमध्ये दिला, पंचासमोर दिला. असा घरात कसा मोडणार? शनिवारी शेजाऱ्याला विचारू."

"शनिवारी!" खुर्ची पुन्हा कण्हली. "व्याही, मला बाथरूमला जायचंय."

आता माणुसकी म्हणून काही असतं. मी उठलो, ग्रीसचा डबा घेतला, आणि खुर्चीसमोर उभा राहिलो, पण डोळे छताकडे. "आणि एक," मी म्हटलं. "तेल घालू का? का खुर्चीचाही गंज जुना खेळाडू आहे?"

"घाला हो! हवं तेवढं घाला!"

"दुरुस्ती झाल्यावर ट्रायल घ्यावी लागेल. डेपोचा नियम आहे. ज्याने दुरुस्त केली त्यानेच ट्रायल घ्यायची, त्याशिवाय गाडी लाइनवर सोडत नाहीत."

"घ्या ट्रायल! पण आधी मला सोडवा!"

आडवा होऊन मी खाली हात घातला. एक कडी आपल्या जागेवरून निसटली होती, बाकी सगळं कोरडं. कडी बसवली, खुर्ची सरळ झाली, व्याही सुटले आणि गुडघे धरून बाथरूमकडे पळाले. मी सावकाश सगळ्या सांध्यांना ग्रीस लावलं, चिंधीने पुसलं, हात धुतले. मग बसलो. दांडा ओढला. पाठ मागे गेली, पाय वर आले, काडीचा आवाज नाही. हीटपंपाची ऊब तळपायाला लागली.

व्याही बाहेर आले. माझ्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, आणि सोफ्यावर बसले.

"झाली का ट्रायल?"

"एवढ्यात? आता थंड आहे. तापल्यावर आवाज येतो का बघावं लागेल."

मुलगी आली ती दारातच थबकली. सासरे सोफ्यावर, बाप खुर्चीत. "काय झालं?" ती म्हणाली.

"ट्रायल चालू आहे," व्याही म्हणाले. मला वाटलं होतं तक्रार करतील. केली नाही.

गुरुवारी आम्ही यंत्रावर जात राहिलो, ते उजवीकडे, मी डावीकडे. सीझनच्या मध्यावर पेपरात पुन्हा नंबर आले. व्याह्यांनी सोफ्यावर बसून चष्मा लावला आणि वाचून दाखवलं. आपले आठ नववे.

"छापून आलंय," ते म्हणाले. "म्हणजे खरं. दोन नंबर वर."

"डॉक्टरच्या टाचा," मी म्हटलं.

"टाचा कसल्या? वजन वाढलं म्हणून. आपलं वजन."

मग त्यांनी पेपराची नीट घडी केली, जरा खाकरले आणि विचारलं, "व्याही, ती ट्रायल..."

मी दांडा ओढून एकदा मागे गेलो, एकदा पुढे आलो, आणि कान देऊन ऐकलं.

"उजवीकडे," मी म्हटलं, "अजून किंचित आवाज येतोय."